खुंट एक, डोळे सहा

आमच्या अमरावतीच्या घरामागे जंबेरीचं एक झाड आहे. त्याच्या दक्षिणेच्या फांद्यांना नागपुरी संत्रा आणि मोसंबी लागते, उत्तरेच्या फांदीला कागदी लिंबू, पूर्वेला ग्रेपफ्रूट, पश्चिमेला महाळुंग, आणि खालच्या जाड फांदीला पपनस. एक फांदी मी मुद्दाम जंबेरीचीच ठेवली आहे. नवखा माणूस झाडाखाली आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "एकाची चव दुसऱ्यात उतरत नाही का हो?" त्याचं समाधान झालं की दुसरा येतो, "पण याचा उपयोग काय?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. चव उतरत नाही. डोळा म्हणजे सालीच्या तुकड्यावरची झोपलेली कळी. तिच्यातून निघणारी फांदी सगळी त्याच जातीच्या पेशींची असते. मुळं तिला पाणी आणि क्षार पुरवतात; वास, रंग, आंबटपणा हे सारं ती आपल्या पानाफळांत आपल्या जातीप्रमाणे घडवते. एका विहिरीवर सहा शेतं भिजली म्हणून तुरीच्या शेतात ज्वारी उगवत नाही, तसंच हे. खुंटाचा, म्हणजे ज्याच्यावर डोळा बांधतात त्या झाडाचा, परिणाम होतो, पण तो झाडाच्या जोमावर, फळाच्या आकारावर, सालीच्या जाडीवर आणि थोडाफार गोडीवर. जंबेरीवरचं झाड भराभर वाढतं, भरपूर लागतं, मात्र रसातली साखर जरा कमीच राहते. यापलीकडे खुंटाची सत्ता चालत नाही.

इतिहासात एक चमत्कारिक अपवाद नोंदलेला आहे. १६४४ साली इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या एका बागेत कलमाच्या जोडावरच एक अंकुर फुटला, आणि त्याच्या फळात महाळुंग आणि आंबट नारिंग दोन्ही दिसू लागले. जोडाच्या जागी दोन्ही झाडांच्या पेशी मिळून एकच अंकुर झाला होता. 'बिझारिया' या नावाने ते झाड वनस्पतिशास्त्रात प्रसिद्ध आहे. पण तिथेही पेशी शेजारी-शेजारी राहिल्या, एकमेकींत विरघळल्या नाहीत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल.

मी कृषी खात्यात होतो, कृषी सहायक. नोकरीचा मोठा भाग वरूड-मोर्शी भागात गेला. या भागाला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. त्यातल्या शेंदुरजना घाटची ओळख संत्र्याच्या कलमांमुळे आहे. थंडीत तिथे गेलात तर वाफ्यांत उकिडवी बसून डोळे बांधणारी माणसं दिसतात. जंबेरीचं बी टाकायचं, पन्हेरीतली रोपं दुसऱ्या वाफ्यात लावायची, खोड पेन्सिलीएवढं झालं की डोळा बांधायचा आणि कलम तयार झालं की विकायचं. एवढ्यावर तिथल्या किती घरांची चूल पेटते. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचे फलक लागले. पण परंपरेने सांगतात ते असं की, रघुजी भोसल्यांनी औरंगाबादहून रोपं आणून नागपुरात आपल्या बागेत लावली आणि तिथून हे फळ विदर्भभर झालं. म्हणजे हौसेने लावलेलं झाड या फळाला काही नवीन नाही.

शेतकऱ्यांना आमचं सांगणं असायचं की बागेत एकच वाण ठेवा, एका वयाची झाडं ठेवा, म्हणजे ताण, खत, फवारणी, तोडणी सगळं एका वेळी येतं. ते सांगणं बरोबर होतं आणि आजही आहे. घरामागचं झाड त्याच्या नेमकं उलट आहे, कारण त्याच्याकडून मला उत्पन्न नको होतं. बांधावर उभा राहून शेतकरी विचारायचा, "साहेब, झाड पिवळं काहून पडलं?" त्यावर पुस्तकातली दहा कारणं तोंडपाठ असायची, पण समोरच्या झाडाला त्यातलं कोणतं लागू आहे हे एका नजरेत ठरवणं अवघड. एका शेतात खुंट वेगळा, दुसऱ्यात माती वेगळी, तिसऱ्यात पाणी, चौथ्यात डोळकाडी कुठून आणली त्याचा पत्ता नाही. तुलना करायची कशाशी?

एकाच खुंटावर सहा जाती असल्या की माती तीच, पाणी तेच, मुळं तीच, ऊनवाराही तोच. काही बिघडलं आणि ते सगळ्या फांद्यांवर सारखं दिसलं, तर कारण खाली शोधायचं. एकाच फांदीवर दिसलं, तर वर. झाडाचा उपयोग मला तरी हाच सापडला. बाकी फळं वगैरे मिळतात ती वरकमाई.

आता खुंटाबद्दल. आमच्याकडे लिंबूवर्गीय फळांसाठी मुख्यतः दोन खुंट वापरतात, जंबेरी आणि रंगपूर लाईम. आमची जागा हलकी, मुरमाड, पाण्याचा निचरा होणारी, म्हणून जंबेरी चालली. भारी, चुनखडीची जमीन असती तर मी रंगपूरच लावला असता. जंबेरीचं दुखणं म्हणजे मुळाशी पाणी साचलेलं तिला सोसत नाही. फायटोफ्थोरा बुरशी मुळांत शिरते, खोडावर डिंक येतो, आणि डिंक्या दिसेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. रंगपूर लाईमची कहाणी आणखी लांबची. १९३० आणि ४० च्या दशकांत ट्रिस्टेझा विषाणूने ब्राझील आणि अर्जेंटिनात आंबट नारिंगाच्या खुंटावरची लाखो झाडं मारली. त्यानंतर ब्राझीलने लिंबूवर्गाच्या बागा ज्या खुंटावर पुन्हा उभ्या केल्या, त्यांत मुख्य होता हा रंगपूर लाईम. वरचं फळ चांगलं, माती चांगली, पाणीही चांगलं आणि झाड मात्र खुंटापायी गेलं, हे तिथल्या लोकांनी अख्ख्या देशाच्या किमतीला शिकून घेतलं.

जंबेरीचा एक गुण रोपवाटिकावाल्यांच्या फार सोयीचा आहे. तिच्या एका बीतून बहुधा एकाहून जास्त अंकुर निघतात. त्यांतले बरेचसे परागीकरणातून झालेले नसतात, तर आईच्याच पेशींपासून झालेले असतात, त्यामुळे बियांपासून वाढवूनही खुंट एकसारखे मिळतात. वाफ्यात एखादं रोप मरतुकडं किंवा पानांनी वेगळं दिसलं की अनुभवी माणूस ते उपटून टाकतो. ते वेगळ्या रक्ताचं असण्याचा संभव जास्त.

रक्ताची गोष्ट निघालीच आहे तर या झाडावरच्या मंडळींचं नातंही सांगतो. २०१८ साली लिंबूवर्गाच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून पक्कं झालं की आपण खातो त्या बहुतेक फळांचे मूळ पूर्वज मोजकेच आहेत आणि त्यांत तीन मुख्य आहेत: संत्रावर्ग, पपनस आणि महाळुंग. मोसंबी ही पपनस आणि संत्रावर्गाच्या संकरातून आलेली. ग्रेपफ्रूट म्हणजे पपनस आणि गोड संत्रं, अर्थात मोसंबीचीच जात, यांचा संकर. कागदी लिंबाच्या एका बाजूला महाळुंग. आणि ज्या जंबेरीवर हे सगळे बसले आहेत ती स्वतः संत्रावर्ग आणि महाळुंग यांची संतती. त्यामुळे एका खुंटावर इतक्या जाती नांदतात यात जादू नाही. आंब्याचा डोळा जंबेरीवर कुणी कितीही कौशल्याने बांधला तरी तो धरायचा नाही.

डोळे बांधायला मी शेंदुरजन्याच्या एका जुन्या कारागिराला बोलावलं. सगळे त्यांना काकाजी म्हणतात. झाड तेव्हा चांगलं वाढलेलं होतं. त्याच्या फांद्या मी आधीच खोडापासून हातभर ठेवून छाटल्या होत्या, कापांना बोर्डो पेस्ट लावली होती, आणि आलेल्या फुटींपैकी नीट जागेवरच्या तेवढ्या राखल्या होत्या. थंडी पडली तेव्हा त्या पेन्सिलीएवढ्या झाल्या होत्या.

काकाजींनी आल्या आल्या एका फुटीला चाकूचं टोक लावून पाहिलं.

"आंधी साल सुटते का ते पाहाचं, साहेब. साल नाई सुटली तं चाकू खिशात ठेवाचा अन् घरी जाचं."

साल सुटली. झाडाला चार दिवसांपूर्वी पाणी दिलेलं होतं, रस चालू होता. मग त्यांनी डोळ्यांसाठी मी आणलेल्या काड्या पाहिल्या आणि अर्ध्या बाजूला टाकल्या. त्या कोवळ्या होत्या, धारदार कडांच्या, तिधारी. ठेवल्या त्या गोल, हिरव्या, सालीवर पांढरट रेषा उमटलेल्या. पानाचं पातं कापून टाकलं आणि देठ तेवढा राखला. खुंटाच्या फुटीवर एक आडवा काप, त्याच्या मधून खाली इंचभर उभा काप, इंग्रजी टी अक्षरासारखा. चाकूच्या बोथट टोकाने साल दोन्हीकडे जराशी उचलली. मग काडी उलटी धरून डोळ्याखालून चाकू सरकवला आणि ढालीच्या आकाराचा पातळ तुकडा काढला. त्याला धरलं ते फक्त देठाला. कापलेल्या बाजूला बोट लावायचं नाही, वारा लागू द्यायचा नाही. तुकडा सालीत वरून खाली सरकला, वरचा जास्तीचा भाग आडव्या कापाशी छाटला, आणि प्लॅस्टिकची पट्टी खालून वर गुंडाळत गेली. डोळ्याचं नाक तेवढं उघडं राहिलं. मी घड्याळ पाहिलं नाही, पण एका डोळ्याला चहाचा कप निवेल एवढाही वेळ लागला नसावा.

"देठ काहून ठेवला?" मी विचारलं. उत्तर ठाऊक होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तोच सांगते ना, डोया जिता हाय का मेला. पंधरा-वीस दिसांनी बोट लावा. देठ पिवया होऊन गयला तं डोया धरला. वायून चिपकून बसला तं गेला."

यातलं शास्त्र असं की जिवंत कळी जुन्या देठाच्या बुडाशी तोड तयार करून त्याला स्वतःहून गाळते. मेलेल्याला तेवढीही ताकद नसते, म्हणून देठ तिथेच वाळून चिकटतो. पुस्तकात हे दोन परिच्छेदांत लिहिलेलं असतं. काकाजींचं एका बोटात होतं.

डोळा धरल्यावर त्याच्या वरचा शेंडा छाटायचा, म्हणजे रस त्याच्याकडे वळतो. आणि खरी मेहनत इथून पुढे सुरू होते, कारण जोडणं थोडक्यात आटोपतं, सांभाळणं वर्षानुवर्षं चालतं. झाडावरच्या सगळ्या जाती सारख्या जोमाच्या नसतात. कागदी लिंबू सुसाट वाढतो, पपनसाच्या फांद्याही दांडग्या. संत्रा आणि मोसंबी त्यामानाने सबुरीने चालतात. मोकळं सोडलं तर कागदी दोन पावसाळ्यांत मोसंबीवर सावली धरील आणि मोसंबी हळूहळू मागे पडेल. म्हणून कमी जोमाच्या जातींना दक्षिणेची, उन्हाची बाजू दिली आणि दांडग्यांना उत्तरेची. महाळुंगाची साल जाड, म्हणून पश्चिमेचं रणरणतं ऊन त्याच्या वाट्याला. पपनसाचं फळ जड, म्हणून त्याला खोडाजवळची जाड फांदी. एवढं करूनही कागदीला वारंवार कात्री लावावी लागते. खुंटावरून सरळसोट वर जाणारे पानसोट तर दिसले की काढायचेच. ते काटेरी, हिरवेगार, दिसायला सगळ्यांत निरोगी, आणि सगळ्यांचं खाणारे.

कोणती फांदी कोणाची हे फळं नसताना ओळखायचं असेल तर पानाचा देठ पाहावा. पपनसाच्या देठाला रुंद पंख असतात, पानाखाली जणू दुसरं लहान पान. ग्रेपफ्रूटचे त्याहून लहान, कागदीचे अरुंद, संत्र्याचे नावापुरते. महाळुंगाला पंख नाहीत, आणि देठ नि पातं यांच्यामधला सांधाही नाही. तरी शंका राहिली तर पान चुरगळून वास घ्यावा. एवढी ओळख पटली की झाड वाचता येऊ लागतं.

त्या वाचण्याचे दोन प्रसंग सांगतो. एका पावसाळ्यात झाडाची पानं निस्तेज झाली, शिरा पिवळ्या पडू लागल्या. ओळखीचा दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली पुढे करत होता. मी फांद्या एकेक करून पाहिल्या. संत्रा, मोसंबी, कागदी, पपनस सगळ्यांची तीच अवस्था, आणि मुख्य म्हणजे राखून ठेवलेल्या जंबेरीच्या फांदीचीही. तिच्यावर तर कुणाचा डोळा बांधलेलाच नाही. म्हणजे दुखणं मुळाशी. कुंपणापलीकडे बांधकाम चाललं होतं, त्याची माती आमच्या बाजूला लोटली गेली होती आणि पाण्याची वाट बुजली होती. चर काढून पाणी वाहतं केलं, खोडाभोवतीची माती मोकळी केली, खोडाला पुन्हा बोर्डो पेस्ट लावली. त्यासाठी मोरचूद एक किलो, चुना एक किलो आणि पाणी दहा लिटर हे प्रमाण धरायचं. बाटली दुकानातच राहिली. नवी पालवी आली ती हिरवी.

दुसऱ्या वेळी मोसंबीची फांदी तेवढी पिवळी पडली. बाकी झाड ठणठणीत. एकच फांदी पिवळी पडणं हे ग्रीनिंग रोगाचंही सुरुवातीचं लक्षण असतं, म्हणून पोटात गोळा आला. ग्रीनिंगमध्ये पानावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे, न जुळणारे पिवळे डाग पडतात. इथे तसं नव्हतं, सगळं पान सारखंच फिकं. मग फांदीच्या बेचक्यापाशी पाहिलं तर भुशासारख्या विष्ठेची जाळी लोंबत होती. साल खाणाऱ्या अळीने तिथे भोक पाडलं होतं. जाळी पुसली, भोकात तार घालून अळी मारली, तोंड लिंपलं. फांदी सावरली. झाडभर फवारणी करून यातलं काहीच साधलं नसतं.

पावसाळ्यात आणखी एक धडा आपोआप दिसतो. कागदी आणि ग्रेपफ्रूटच्या पानांवर खैऱ्याचे खरबरीत तपकिरी फोड येतात, आणि त्यांना लागून असलेल्या संत्र्याच्या पानांवर ते क्वचितच दिसतात. पाऊस तोच, वारा तोच, जिवाणूही तोच. जातीची मूळची ताकद काय असते हे शेतकऱ्याला मी पूर्वी भाषण करून सांगायचो. आता त्याला झाडाखाली उभं करतो. उलट नागअळी कुणाचीच जात पाहत नाही. कोवळं पान दिसलं की त्यात ती आपल्या चंदेरी वळणवाटा काढते.

काही बाबतींत मात्र या झाडाकडून अपेक्षा ठेवू नयेत. बागेत आंबिया बहारासाठी डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतात, जानेवारीत पुन्हा पाणी देऊन ताण मोडतात आणि झाड एकदम फुलतं. मृग बहारासाठी उन्हाळ्यात ताण देऊन जूनच्या पावसाची वाट पाहतात. इथे संत्र्याला ताण द्यावा तर कागदीवर फळं लोंबत असतात. मुळं एकच असल्याने एका फांदीचं पाणी तोडता येत नाही. म्हणून मी ताणाच्या भानगडीत पडत नाही. जी फांदी जेव्हा फुलेल तेव्हा फुलेल. संत्र्याचं पीक थोडं येतं, पण झाडावर खायजोगं काही नाही असे दिवस फार कमी. पपनसाचा मात्र इथे फायदाच होतो. त्याच्या पुष्कळ जातींना स्वतःचा पराग चालत नाही, दुसऱ्याचा लागतो. एकटं लावलेलं पपनस फुलतं खूप आणि धरतं कमी. इथे दुसऱ्या जातीची फुलं हाताच्या अंतरावर असतात, फक्त मधमाशी यायला हवी.

झाडावर मधमाश्यांइतकाच हक्क फुलपाखरांचा. लिंबावरच्या फुलपाखराच्या लहान अळ्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात. काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढतात आणि उग्र वास सोडतात. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, ब्लू मॉरमॉन, त्याच्याही अळ्या याच कुळातल्या झाडांवर पोसल्या जातात. कलमांच्या वाफ्यात या अळ्या रातोरात रोपं बोडकी करतात, तिथे त्यांना दया दाखवून चालत नाही. पण मोठ्या झाडाचं त्यांच्या खाण्याने काही बिघडत नाही, म्हणून जंबेरीच्या फांदीवर मी त्यांना चरू देतो.

फळांचं म्हणाल तर कोणाचं काय हे घरात आणि गल्लीत ठरून गेलं आहे. उन्हाळ्यात कागदी सगळ्यांना हवा. पपनस गणपतीच्या सुमारास पिकतं, पहिलं फळ देवापुढे. गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात, तिच्यातही या फळाचा मान असतो. महाळुंग कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे हे पुष्कळांना माहीत असतं, पण हातात धरून पाहिलेलं नसतं. आमच्याकडे आलेल्या म्हाताऱ्या बायका त्याला आधी कपाळाला लावतात आणि मग मुरांब्याची कृती सांगतात. ग्रेपफ्रूट कुणी मागत नाही. त्याचा कडवटपणा आमच्या गावाच्या पचनी पडलेला नाही, आणि ते फळ झाडावर राहण्याचं एकमेव कारण म्हणजे खैऱ्या दाखवायला ते बरं पडतं.

कलमाची ही विद्या नवी नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे, आणि त्यात कलम करण्याजोग्या झाडांच्या यादीत बीजपूर, म्हणजे आपलं महाळुंग, येतं. आजच्या काळात उत्तर प्रदेशातल्या मलिहाबादच्या कलीमुल्ला खान यांनी आंब्याच्या एका झाडावर तीनशेहून अधिक वाण बांधले. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेवढी हौस आणि तेवढा हात सगळ्यांकडे नसतो, पण सहा डोळे कुणालाही जमावेत.

आणि म्हणूनच शेवटची गोष्ट सांगणं भाग आहे. ज्या वाटेने रस जातो त्याच वाटेने रोगही जातो. ट्रिस्टेझा आणि ग्रीनिंग हे दोन्ही डोळ्यातून पसरतात. एका रोगट काडीने सहाही फांद्या आणि खुंट बाधतो. पुढे मावा ट्रिस्टेझा उचलतो, सिला ही कीड ग्रीनिंग उचलते, आणि रोग कुंपण ओलांडतो. वर गंमत अशी की संत्र्याच्या झाडात ट्रिस्टेझा लक्षणं न दाखवता वर्षानुवर्षं राहू शकतो, तर कागदी लिंबू तो लवकर दाखवतो. पानं उजेडात धरली तर बारीक शिरा तुटक-तुटक पारदर्शक दिसतात. रोगाच्या तपासणीत सूचक झाड म्हणून कागदी लिंबूच वापरतात. माझ्या झाडावर कागदीला जागा देण्यामागे सरबत हे दुसरं कारण आहे.

आपल्या राज्यात फळरोपवाटिकांसाठी १९६९ चा कायदा आहे. खुंट कुठला आणि डोळा कुठल्या झाडाचा याची नोंद परवानाधारकाने ठेवावी, हा त्यातला गाभा. नोकरीत असताना अशी नोंदवही मागितली की काही ठिकाणी चहा यायचा, वही यायची नाही. गिऱ्हाइकाने वही मागितलेली तर मी क्वचितच पाहिली. कलम घेताना लोक उंची पाहतात, पानांचा रंग पाहतात, भावात दहा रुपये कमी करून घेतात आणि जिच्यावर पुढची पंधरा-वीस वर्षं अवलंबून आहेत ती काडी कुठून आली हे विचारत नाहीत.

तुम्हाला असं झाड करायचं असेल तर जरूर करा. दोन-तीन जातींपासून सुरुवात करा आणि खुंटाची एक फांदी राखून ठेवा. काडी अशा झाडाची घ्या जे तुम्ही फळासकट, पानासकट पाहिलं आहे. शक्य असेल तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेसारख्या ठिकाणाहून रोगमुक्त कलम आणा आणि त्याचेच डोळे वापरा. प्रत्येक फांदीला काडी कुठली आणि बांधली कधी हे लिहिलेली पट्टी अडकवा. आणि संत्र्याच्या पट्ट्यात राहत असाल तर कुठल्याही गावाहून, कुणाच्याही बागेतून आवडली म्हणून काडी खिशात घालून आणू नका. तुमच्या परसातलं एक झाड गेलं तर घरचं लोणचं जाईल. पलीकडच्या शेतातली बाग गेली तर त्या घराची कमाई जाईल.